भीती वाढायच्या आत

६ ऑक्टोबर

ताई,

पोचल्याबरोबर दोन ओळी टाक म्हणाली होतीस. टाकल्या नाहीत. दोन ओळींत मावेल असं इथं काही नव्हतं, आणि जास्त लिहायचं तर आधी मन थाऱ्यावर हवं. आता थोडंफार आहे.

माझी खोली चाऱ्याच्या गोदामावर आहे. लाकडी जिना, एक खिडकी, खिडकीतून घोडे फिरवायचं रिंगण दिसतं. इथं माणसं घोड्यावर बसायला शिकतात आणि घोडे माणसाला बसू द्यायला शिकतात. हे सगळं चालवतात त्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात. उंच आहेत, केस बारीक कापलेले, आवाज इतका हळू की ऐकायला जवळ जावं लागतं. मला वाटतं, म्हणूनच हळू बोलत असाव्यात. पहिल्या दिवशी मी विचारलं, चाबूक कुठं टांगायचा? सगळे हसले. बाई म्हणाल्या, "तू आणलायस का?" मी म्हटलं, नाही. "मग टांगायचा प्रश्न मिटला."

इथं नव्या घोड्याला काहीच करायचं नसतं. रिंगणाच्या मध्ये उभं राहायचं, हात खाली, नजर जमिनीकडे, आणि तो आपणहून यायची वाट बघायची. आला तर मान खाजवायची, आणि मग आपणच आधी बाजूला व्हायचं. शिकायला आलेल्या माणसाचंही तेच. त्याला वर चढवायची घाई नाही. आधी खरारा करायला लावतात. हाताखाली घोड्याचा श्वास लागला की बाई विचारतात, "आणि तुझा कुठं आहे?" बहुतेकांचा घशात अडकलेला असतो. माझा तर रोजच.

आता खरं ते सांगतो. मागच्या आठवड्यात एक तांबडी घोडी आली. एका ठेकेदाराची आहे. तिनं त्याच्या मुलाला असा फेकला की गळ्याजवळचं हाड मोडलं. पण खोगीर चढवताना ती हूं की चूं करत नाही. मी म्हटलं, बाई, ही तर गरीब दिसते. बाई म्हणाल्या, "गरीब नाही, श्वास धरून उभी आहे. कान बघ. जबडा हलतोय का बघ. घाबरलेलं जनावर पळतं नाहीतर थिजतं. थिजलेलं जास्त वाईट, कारण लोक त्याला शहाणं समजतात."

आणि ही घोडी त्यांनी माझ्याकडे दिलीय. का, ते विचारायची हिंमत झाली नाही. मला तिची भीती वाटते, ताई. सकाळी जाग येते तेव्हा आधी भीती उठते, मग मी उठतो. ठेकेदार सांगून गेलाय, लग्नांचा हंगाम सुरू व्हायच्या आत झाली तर झाली, नाहीतर जिथं होती तिथं परत नेऊन चांगली वठणीवर आणतो.

भावोजींना विचारशील का? त्यांच्यासारखा घोडी तयार करणारा चाबूकस्वार आपल्या भागात नाही. त्यांची घोडं आडवं पाडायची रीत इथल्या रीतीच्या अगदी उलटी आहे, हे मला कळतं. पण त्यांच्या हाताखालून जितकी घोडी गेली तितकी कुणाच्या गेली असतील? त्यांना विचार, थिजलेल्या घोडीचं काय करावं.

तुझा धाकटा

१५ ऑक्टोबर

मास्तर,

शाळा अर्ध्यात सोडलेल्या माणसाचं इतकं शुद्ध पत्र बघून मला उगीच खडूचा वास आला. मी पाठ ताठ करून वाचलं.

भीती वाटते म्हणतोस. नवीन काय सांगितलंस? कोंबडी मागं लागली म्हणून पाण्याच्या टाकीवर चढून बसणारा आमच्या घरात एकच झाला. आईनं शिडी लावून उतरवला, तर खाली येऊन म्हणतोस, "मी हवा खायला गेलो होतो." तुझ्या बाईंना हे माहीत नसेल, म्हणून त्यांनी घोडी दिली.

इकडे सगळं ठीक. हे मजेत आहेत. घोडी येतात, जातात. आत्ता तबेला झाडून, पाणी भरून बसलेय. दोर ओढून तळहात सोलवटलेत, म्हणून अक्षर वाकडं आहे. लाल शाईनं गोल करू नकोस.

तुझा प्रश्न यांना विचारला नाही. सध्या नको. गडबडीत असतात.

एक सांग. तुझ्या तांबडीच्या मागच्या डाव्या पायाला, खुराच्या जरा वर, केस पांढरे आलेत का? कडं घातल्यासारखे? उगीच विचारलं. तशी एक पाहिली होती.

पोटभर जेव. खोलीतले उंदीर तुला भितात की तू त्यांना, तेही कळव.

ताई

२९ ऑक्टोबर

ताई,

आहेत. पांढरे केस आहेत. पण ती कुणाकडून आली हे मला तुझ्या पत्राआधी, दुसऱ्याच रीतीनं कळलं. छाती पट्ट्यांनी आवळलेली आहे, त्यामुळे थांबत थांबत लिहितोय. काळजी करू नकोस. बरगडीला चीर आहे, तुकडा पडलेला नाही.

मी रोज रिंगणात जाऊन उभा राहत होतो. ती कोपऱ्यातून हलायची नाही. दहा-बारा दिवसांपूर्वी पहिल्यांदा ती एकेक पाऊल टाकत माझ्याकडे आली. तिच्या नाकाची ऊब माझ्या मनगटाला लागली, आणि आनंदाच्या भरात माझ्या तोंडून शीळ निघाली. खालून वर जाणारी, मध्ये तुटणारी. मी ती ठरवून वाजवत नाही. घाबरलो किंवा हरखलो की आपोआप येते.

त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. ती फळ्यांच्या कुंपणावर जाऊन आदळली, आणि फळ्या आणि तिच्यामध्ये मी होतो. डोळा दिसला, सगळा पांढरा. ती माझ्या अंगावर येत नव्हती, ती कुठूनतरी पळत होती, आणि तेवढ्या जागेत पळायची वाट फक्त माझ्यावरूनच होती.

बाईंनी मला ओढून बाहेर काढलं. डॉक्टर येऊन गेल्यावर त्यांनी एकच विचारलं, "ही शीळ कुठली?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीच्या घरची."

भावोजींची शीळ आहे ती, ताई. मागच्या पायाला बांधलेला दोर, पछाडी, ओढून घोडं खाली घ्यायच्या आधी ते ती वाजवायचे. मी कुंपणावर बसून ऐकायचो. इतकी आवडायची की शाळेच्या वाटेवर तीच घोकत जायचो. मला वाटायचं, ती घोड्याला धीर द्यायची शीळ आहे. घोड्याला ती कशी ऐकू येत असेल, हे कधी मनातच आलं नाही.

बाई म्हणाल्या, "शीळ वाईट नसते. तिच्यामागून जे येतं ते वाईट. आता मागून दुसरं काहीतरी येऊ दे." म्हणून हल्ली मी कुंपणापासून लांब उभा राहून अगदी हळू शीळ वाजवतो, बादलीत गाजर टाकतो आणि निघून जातो. ती घाबरली नाही तर दुसऱ्या दिवशी किंचित जवळून. घाबरली तर पुन्हा लांबून. बाईंना घाई नाही. मला आहे, कारण ठेकेदार काल येऊन गेला. माझ्या पट्ट्या बघून म्हणाला, "तुमच्याकडं घोडी माणसाला शिकवते वाटतं." त्यानं ठरवलंय, पुढच्या महिनाअखेर तिला पुन्हा त्याच चाबूकस्वाराकडे न्यायचं. बोलणं झालंय म्हणे.

म्हणजे भावोजींकडेच ना? त्यांना नाही म्हणायला सांग. ही घोडी दुसऱ्यांदा आडवी पडणार नाही. पाडायला गेलं तर ती तरी राहणार नाही, नाहीतर माणूस तरी.

आणखी एक. तबेला तू झाडलास, पाणी तू भरलंस, दोर तू ओढलेस. भावोजींच्या हाताखाली माणसं होती ना?

तुझा धाकटा

७ नोव्हेंबर

पत्र मिळालं. बरगडी जप.

यांनी ठेकेदाराला हो म्हटलंय. त्यात आता बदल होणार नाही. मी काही सांगू शकत नाही. या विषयावर पुन्हा लिहू नकोस, पत्रं यांच्याही हातात पडतात.

इकडे सगळं ठीक आहे.

ताई

११ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र शेजारच्या काकूंच्या पत्त्यावर पाठवतोय. भावोजींच्या हातात पडू नये म्हणून.

तुझ्या पत्रात एकही टोमणा नाही. मला मास्तर म्हटलं नाहीस. जेवलास का, हेही नाही. तू ठीक असतीस तर निदान उंदरांची चौकशी केली असतीस. मी इथं रोज बघतो, गप्प उभं राहणं म्हणजे ठीक असणं नव्हे. तुझं पत्र श्वास धरून उभं आहे.

मला आता कळलं, असं वाटतंय. एवढ्या वर्षांत मी तुला एकदाही विचारलं नाही की ज्या हातानं ते घोडी वठणीवर आणतात तो हात घरात कसा असतो. तुझे तळहात खरंच दोरानंच सोलवटले? तू त्यांना इतकी भितेस की एक वाक्य बोलू शकत नाहीस?

मी बाईंशी बोललो. स्वयंपाकघरामागची खोली रिकामी आहे. रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. सामान बांधून ठेव. भावोजींशी मी बोलेन. मला बोलता येणार नाही, मला माहीत आहे.  पण मी येऊन उभा राहीन. नाही म्हणू नकोस.

तुझा धाकटा

१४ नोव्हेंबर

गाढवा,

रविवारच्या आत तुझ्या हातात पडावं म्हणून हे दूधगाडीच्या ड्रायव्हरकडे देतेय. येऊ नकोस. सामान बांधून ठेव म्हणे! काकूंनी पत्र देताना माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, कुणी गेलं की काय.

तू मला ओळखतोस ना? माझ्यावर कुणी हात उगारला असता तर तो हात आज गळ्यात बांधलेला असता. एवढी बरगडी मोडून घेतलीस आणि शिकलास काय, तर बहिणीला घोडी समजायला!

रागावून झालं. आता ऐक. मी भ्यालेय, हे तू बरोबर ओळखलंस. आईनंही ओळखलं नसतं. पण चुकीच्या खुंटीला टांगलंस. मी यांना भीत नाही रे. मी यांच्यासाठी भिते.

मागच्या थंडीत तांबडी आमच्याकडे होती. यांनी नेहमीसारखी शीळ वाजवली, पछाडी ओढली, ती पडली. एकदा पडलं की घोडं हरतं, असं हे सांगायचे. ही हरली नाही, उठली. हे तबेल्याच्या कोपऱ्यात भिंतीशी, ती वर, दार बंद. तू लिहिलंस ना, तेवढ्या जागेत पळायची वाट फक्त माझ्यावरूनच होती. ते वाचून मला खालीच बसावं लागलं. मी कडी काढली, ती बाहेर गेली, हे उठून उभे राहिले. एक हाड मोडलं नव्हतं. मी म्हटलं, सुटलो.

दुसऱ्या सकाळी हे तबेल्याच्या दारापर्यंत गेले आणि थांबले. मला वाटलं, काहीतरी विसरले. एवढ्या थंडीत मानेवरून घाम वाहत होता. परत फिरले, म्हणाले, "आज पोट बरं नाही." त्या दिवसापासून यांचं पोट बरं नाही. हाताखालची माणसं काढून टाकली, त्यांनी बघू नये म्हणून. आता सगळी घोडी मी करते. मला पाडायची ताकद नाही, म्हणून मी त्यांच्या मिनतवाऱ्या करते. तयार होतात, वेळ लागतो एवढंच. गिऱ्हाईक आलं की हे अंगणात खुर्ची टाकतात, मिशीवर हात फिरवतात, मोठ्यानं बोलतात. मी मागून घोडं फिरवून आणते, आणि लोक यांची पाठ थोपटतात.

ठेकेदारानं चारचौघांत विचारलं. नाही म्हटलं तर का नाही, ते सांगावं लागलं असतं. म्हणून म्हणाले, "आणा." तेव्हापासून जेवण कमी झालंय. काल पछाडीला तेल लावत बसले होते. निम्मं तेल जमिनीवर सांडलं. मी बघितलं, मी बघितलेलं त्यांनी बघितलं, आणि दोघांनीही काही झालं नाही असं ठरवलं.

तो दिवस आला की हे आत जातील. मी ओळखते ना. लाज राखायला आत जातील. भ्यालेला माणूस, भ्यालेली घोडी, आणि दार बंद. कडी काढायला मी जवळ नसले तर? भांडी घासता घासता मध्येच माझे हात थांबतात.

तुझी बाई घोड्यांचं काय करते ते कळलं. भ्यालेल्या माणसाचं काय करते, ते विचार. आणि लवकर कळव.

ताई

१८ नोव्हेंबर

ताई,

गाढव वाचून इतकं बरं वाटलं की तिथंच पायरीवर बसलो. मी जे मनात आणलं त्याबद्दल मला माफ कर. भावोजींची माफी मागायची तर आधी सांगावं लागेल, म्हणून ती राहू दे.

बाईंना कुणाचंही नाव न घेता विचारलं. त्या एका घोड्याच्या खुरातली माती काढत होत्या. म्हणाल्या, "भ्यालेल्या माणसाला मी घोड्यावर बसवत नाही. स्टुलावर बसवते. घोड्यापासून त्याला झेपेल तितक्या लांब. हातात काहीतरी काम देते. आणि सांगते, भीती वाढायच्या आत उठायचं." मी म्हटलं, उठलं तर भीती जिंकली ना? त्यांनी खूर खाली ठेवला. "दात-ओठ खाऊन बसून राहिलास तर अंग एवढंच शिकतं की इथून सुटका नाही. वेळेवर उठलास तर शिकतं की दार आहे. दार आहे हे कळलं की पाय आपोआप जास्त टिकतात. घोड्याचंही असंच. मी त्याला जवळ आणत नाही, फक्त लांब जायची मुभा काढून घेत नाही."

त्या हे माझ्याशी बोलत होत्या, कारण बरगडी मोडल्यापासून मीच रिंगणात जाऊ शकलेलो नाही. तुला हे लिहिलं नव्हतं. मी कुंपणाबाहेर स्टूल टाकून तुटके लगाम शिवत बसतो. तांबडी आत, मी बाहेर. भीती वाढतेय असं वाटलं की उठतो आणि गोदामाला फेरी मारून येतो. इथं कुणी हसत नाही. शिकायला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक याच स्टुलावर बसून गेलेत.

मी भावोजींना एक चिठ्ठी लिहिलीय. सोबत आहे. दाखवायची की फाडायची, तू ठरव. त्यात एकही शब्द खोटा नाही.

"भावोजी, ठेकेदाराची तांबडी सध्या माझ्याकडे आहे. तुमची शीळ माझ्या तोंडून निघाली आणि तिनं मला फळीवर चेपलं. त्यात तिची चूक नव्हती. तेव्हापासून मला आत पाऊल टाकता येत नाही. दारापर्यंत जातो आणि घाम फुटतो. मी रोज कुंपणाबाहेर स्टुलावर बसतो. वाटेल तेव्हा उठायची इथं मुभा आहे. शीळ ऐकून तिनं पळू नये असा प्रयत्न चालू आहे, पण माझी नक्कल आहे, मूळ शीळ तुमची. घोड्याला भ्यायची वेळ तुमच्यावर कधी आली असेल, तर तेव्हा तुम्ही काय केलंत, एवढं कळवाल का? मला दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही."

तुझा धाकटा

२६ नोव्हेंबर

मास्तर,

घाईत लिहितेय.

चिठ्ठी दाखवली नाही. टेबलावर ठेवली आणि कपडे वाळत घालायला गेले. परत आले तर चिठ्ठी होती तिथंच, पण तिच्यावर यांचा चष्मा. मी तसंच ठेवून स्वयंपाकाला लागले. असेच दिवस गेले. मग एकदा जेवताना एकदम म्हणाले, "त्या पोराला अक्कल नाही. कुंपणाबाहेर कुणी बसतं का?" मी भाकरी वाढली. थोड्या वेळानं म्हणाले, "किती लांब बसतो?" मी म्हटलं, मला काय माहीत, तुम्हीच विचारा.

आज सकाळी उठले, दाढी केली, पछाडी खांद्यावर टाकली आणि निघाले. मला एक शब्द नाही. काकूंनी त्यांना तुझ्याकडच्या गाडीत चढताना बघितलं.

पछाडी का नेली? उद्या ठेकेदार घोडी न्यायला तिथं येणार आहे, हे यांना माहीत आहे. तिथंच आत शिरतील. लोकांसमोर. इथं मला एवढी घोडी टाकून निघता येत नाही, आणि बसवतही नाही. बाईंना सांग, दाराला कुलूप लावा. तू त्यांच्याजवळ राहा. तू भितोस, मला माहीत आहे. भीतच राहा, पण जवळ राहा.

ताई

२८ नोव्हेंबर

ताई,

आधी हे वाच: ते ठीक आहेत. अंगावर ओरखडाही नाही. आता बस आणि पुढचं सावकाश वाच.

ते आले तेव्हा तुझं पत्र पोचलेलं नव्हतं, दूधगाडीवाल्यानं ते काल सकाळी आणून दिलं. मी खिडकीतून बघितलं, फाटकाशी भावोजी, खांद्यावर पछाडी.  धावत बाईंकडे गेलो, म्हटलं, रिंगणाला कुलूप लावू का? बाई म्हणाल्या, "कुणाला कोंडणार? घोडीला की त्यांना?" आणि माझ्या स्टुलाशेजारी दुसरं स्टूल ठेवून निघून गेल्या.

भावोजी आले. स्टुलाकडे बघत म्हणाले, "हेच ते?"

"हो."

"माणसानं बसायचं हे?"

मी स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. बसले. तांबडीनं त्यांना ओळखलं. पलीकडच्या कडेला ती दगड झाली, आणि इकडे हे.  मी लगाम शिवत राहिलो. सगळे टाके वाकडे पडले, उसवावे लागतील. जरा वेळानं ते उठले आणि फाटकाकडे चालायला लागले. मला वाटलं, गेले. फाटकाला हात लावून परत आले आणि बसले. मग पुन्हा उठले, पुन्हा आले. चेहरा असा, जणू काही कामानंच जातायत. शेवटी म्हणाले, "बघणाऱ्याला वाटेल, याला मूळव्याध झालीय." मी हसलो, आणि बरगडी दुखली. तो पूर्ण दिवस असाच गेला. झोपायला माझ्याच खोलीत होते. आम्ही तुझ्याबद्दल एक अक्षर बोललो नाही.

काल ठेकेदार ट्रक आणि माणसं घेऊन आला. भावोजींना बघून म्हणाला, "वा! तुम्ही स्वतः हजर! मग न्यायची कशाला? दोरही आणलाय. इथंच दाखवा हिला." शिकायला आलेले लोक कुंपणाशी जमले. भावोजी उठले. मिशीवरून हात फिरवला. पछाडी उचलली आणि रिंगणाच्या दाराशी गेले.

ताई, मला ओरडायचं होतं.  तू लिहिलं होतंस, जवळ राहा. मी जाऊन त्यांच्याजवळ उभा राहिलो, एवढंच मला जमलं. त्यांनी कडीला हात घातला. कडी वाजायला लागली. ते वाजवत नव्हते, हातच तसा हलत होता. आत तांबडीचा श्वास बंद. माझाही.

"काय हो," ठेकेदार म्हणाला, "कडी अडकली का?"

भावोजींनी हात काढून घेतला. वळले. "कडी ठीक आहे. मी ठीक नाही. मागच्या थंडीत ही माझ्या अंगावर होती. तेव्हापासून मला घोड्याजवळ जाता येत नाही. हिच्याच नाही, कुठल्याच. माझ्याकडची घोडी माझी बायको तयार करते. तुम्ही वर्षभर माझी पाठ थोपटताय, ती तिची आहे."

ठेकेदार हसला. "चाबूकस्वार, आणि घोड्याला भितो?" तो एकटाच हसला. कुंपणाशी एक वयस्कर शाळाशिक्षिका उभ्या होत्या, दर आठवड्याला शिकायला येतात आणि अजून एकदाही घोड्यावर बसलेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "भीत नसतो तर आम्ही इथं कशाला आलो असतो? तुम्हीच या ना इकडे. घोडी उभी आहे. जा आत."

ठेकेदारानं रिंगणात बघितलं. तो आत गेला नाही. त्यानं बाईंना विचारलं, "मग मी हिचं करू काय?"

"ठेवा."

"आणि हंगाम?"

"हंगाम पुढच्या वर्षीही येतो."

"मी दुसरा चाबूकस्वार बघेन."

"बघा," भावोजी म्हणाले. "आमच्या धंद्यातला कोण तो मला सांगा. त्याच्याकडे मी आधी जाऊन येईन, आणि काय झालं ते सांगेन."

ट्रक रिकामा गेला. पुढच्या हंगामापर्यंत मुदत आहे, त्यानंतर ऐकणार नाही, असं बजावून गेलाय. म्हणजे भीती संपलेली नाही. पण आता ती महिनाअखेरची राहिली नाही.

नंतर भावोजी गोदामामागं जाऊन ओकले. मी पाणी दिलं. म्हणाले, "बहिणीला हे लिहू नकोस." मी म्हटलं, तिला माहीत आहे. "सगळं?" सगळं. तोंड पुसून तांब्या परत दिला. मग म्हणाले, "मग लिही."

आज ते सकाळपासून स्टुलावर आहेत. तांबडी अर्ध्या रिंगणापर्यंत आली आणि परत गेली. त्याहून जास्त काही घडलेलं नाही. खाली आहे ते ते सांगतायत आणि मी लिहितोय. शब्द त्यांचे आहेत, मी काहीही सुधारलेलं नाही.

"मी बरा आहे. जेवतो. पछाडी का आणली ते मला पण माहीत नाही. रिकाम्या हातानं घराबाहेर पडायला लाज वाटली. तुझं नाव मी चारचौघांत घेतलं, ते तुला या पोरानं सांगितलंच असेल. आधीच घ्यायला पाहिजे होतं. चार दिवसांत येतो. थांब, हे खोड. आपली जुनी माणसं परत बोलाव आणि घोडी त्यांच्या ताब्यात दे. का काढलं होतं विचारतील, तर खरं ते सांग. मग तू इकडे ये. बाई म्हणतात, उद्या स्टूल कुंपणाच्या आत ठेवून बघू. माझ्याच्यानं एकट्यानं आत बसवणार नाही. तू शेजारी बस."